बाळू पालवणकर

बाळू पालवणकर (जन्म : धारवाड, १९ मार्च १८७६, मृत्यू : मुंबई, ४ जुलै १९५५) हे भारतीय क्रिकेटमधील आरंभीच्या काळातील श्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज होते. तत्कालीन समाजाने अस्पृश्य मानलेल्या चर्मकार जातीत त्यांचा जन्म झाला. क्रिकेटच्या मैदानावर त्यांचा प्रवेश झाला तो खेळाडू म्हणून नव्हे, तर मैदानाची निगा राखणारा नोकर म्हणून. तेथून ते हिंदू संघात आणि पुढे १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या अखिल भारतीय संघात पोहोचले. संघात स्थान मिळवणे, ते टिकवणे आणि त्या स्थानाबरोबर येणारा मान मिळवणे या तीनही गोष्टींसाठी त्यांना वेगवेगळा लढा द्यावा लागला.

पूर्वायुष्य

पालवणकर घराणे मूळचे कोकणातील. पालवण या गावावरून त्यांना हे आडनाव मिळाले. बाळूंचे वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यात आले. पुण्याच्या लष्करी वस्तीत इंग्रज अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम या खेळाचे पहिले धडे गिरवू लागले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे बंधूही नामांकित क्रिकेटपटू झाले.

बाळूंना पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात मिळाली. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरवणे ही त्यांची कामे होती आणि पगार दरमहा ३ रुपये होता. सभासदांना सरावासाठी गोलंदाज हवा असला म्हणजे अधूनमधून त्यांच्या हाती चेंडू येई.

पूना क्लबातील वर्षे

१८९२ च्या सुमारास बाळू युरोपीयांच्या पूना क्लबात दरमहा ४ रुपयांवर रुजू झाले. खेळपट्टी तयार करणे, रेषा आखणे, सरावाच्या जाळ्या उभारणे ही कामे त्यांच्याकडे होती. ट्रॉस नावाच्या एका इंग्रज खेळाडूने त्यांना जाळ्यात गोलंदाजी करण्यास सांगितले आणि त्यांच्या हातातील कसब प्रथमच इतरांच्या नजरेस आले. मंद गतीने टाकलेला चेंडू दोन्ही बाजूंना वळवणे, त्याची उंची व टप्पा बदलणे आणि एकाच जागी अचूक मारा करणे हे त्यांचे विशेष होते.

क्लबाचे प्रमुख फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग हे इतर सभासदांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. ग्रेग बाद झाले की ते बाळूंना दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. या दीर्घ सरावाचा लाभ दोघांनाही झाला. मात्र बाळूंना तेथे फलंदाजीची संधी कधीही मिळाली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी त्या काळची विभागणी होती.

हिंदू संघात निवड

पुण्यातील हिंदू खेळाडूंना युरोपीयांच्या संघाला हरवायचे होते आणि त्यासाठी समर्थ गोलंदाजाची उणीव होती. असा गोलंदाज गावातच होता, परंतु त्याची जात आड येत होती. त्याला संघात घ्यावे की नाही, यावर खेळाडूंत मतभेद झाले. काहींचा विरोध होता, तर काहींना युरोपीयांवरील विजय अधिक महत्त्वाचा वाटत होता. बाळूंना वगळणे हे हिंदूंच्या दृष्टीने मूर्खपणाचे ठरेल, असे मत ग्रेग यांनीही प्रकट केले. अखेरीस बाळूंची निवड झाली.

ही निवड मैदानाच्या सीमारेषेपर्यंतच होती. खेळताना सर्व सहकारी तोच चेंडू हाताळत, परंतु चहापानाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणासाठीही त्यांना निराळे बसवले जाई. तरीही त्यांच्या गोलंदाजीच्या बळावर पुण्याच्या हिंदूंनी युरोपीयांच्या संघांवर विजय मिळवले. साताऱ्याच्या युरोपीय जिमखान्याविरुद्ध बाळूंनी ७ बळी घेतले. या यशानंतर त्यांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी सुधारक मंडळींनी उघडपणे नापसंती व्यक्त केली.

मुंबईतील कारकीर्द

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस आले. काही काळ लष्करात काढल्यानंतर त्यांनी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी धरली व तिच्या संघाकडून ते खेळू लागले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना प्रवेश देण्यास काही सभासदांनी हरकत घेतली, परंतु कर्णधार कीर्तिकर यांनी त्यांचे मन वळवले. कालांतराने येथील खेळाडूंनी सहभोजनाचे बंधनही सैल केले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपीय या संघांत सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या, तर युरोपीयांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. हिंदूंच्या या १०९ धावांच्या विजयात बाळूंचा मोठा वाटा होता. संघात शिवराम हेही होते. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ जोरात असताना हा विजय मिळाल्यामुळे त्याचा आनंद केवळ क्रीडाप्रेमींपुरता राहिला नाही. सुधारकांनी त्यात आणखी एक अर्थ पाहिला. गुणाला जात न विचारल्याने काय साधते, याचे ते प्रत्यक्ष उदाहरण होते. १९०७ साली पारशी, हिंदू व युरोपीय यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ पासून मुसलमान संघ आल्याने ती चौरंगी झाली.

इंग्लंडचा दौरा (१९११)

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. निवड करताना पारशी, हिंदू आणि मुसलमान यांच्यात जागांची वाटणी झाली होती. हिंदूंच्या मोजक्या जागांपैकी दोन पालवणकर बंधूंनी मिळवल्या. बाळूंचे वय तेव्हा ३५ वर्षांचे होते.

संघाच्या दृष्टीने हा दौरा निराशाजनक ठरला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी २ जिंकले, १० गमावले आणि २ अनिर्णित राहिले. लीस्टरशायर व सॉमरसेट या कौंटी संघांवर विजय मिळाले. या पडझडीत बाळूंची कामगिरी मात्र उठून दिसली. त्यांनी दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. मायदेशी परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकर यांचा या सत्काराशी संबंध होता आणि त्यांना बाळूंविषयी मोठा अभिमान वाटत असे.

कर्णधारपदाचा प्रश्न

अनुभव आणि कामगिरी या दोन्ही दृष्टींनी बाळू हिंदू संघाचे ज्येष्ठ खेळाडू होते. तरीही कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. त्या काळी कर्णधार उच्चवर्णीय असावा, हा अलिखित नियम होता. कर्णधार एम. डी. पै यांनी स्वतः हा मान बाळूंना मिळायला हवा होता, असे जाहीरपणे मान्य केले होते.

१९२० साली चौरंगी स्पर्धेसाठी बाळूंना संघातून वगळण्यात आले. पै आजारी असल्याने कर्णधारपद दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. विठ्ठल यांचा दावा डावलला गेल्याने विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली आणि आपली बाजू जनतेपुढे मांडली. अस्पृश्यतेचा प्रश्न देशभर चर्चिला जात असलेल्या त्या दिवसांत लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढील सामन्यासाठी पै परतले, बंधूंना पुन्हा संघात घेतले गेले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्या बंधूंना जे मिळाले नाही ते धाकट्यास मिळाले.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला, तोवर त्यांची खेळातून निवृत्ती होऊन बरीच वर्षे लोटली होती.

राजकीय जीवन

बाळूंची राजकीय भूमिका पुढे डॉ. आंबेडकरांहून वेगळी झाली. दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत, या मागणीशी ते सहमत नव्हते. १९३२ च्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत दोघांचीही नावे आहेत. १९३७ च्या मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली. ज्या तरुणाने एकेकाळी त्यांचा गौरव केला, त्याच्याशीच त्यांची ही लढत झाली.

मृत्यू व वारसा

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठी आत्मचरित्र पालवणकर बंधूंच्या काळाविषयी माहिती देणारे महत्त्वाचे साधन आहे. दीर्घकाळ विस्मृतीत गेलेले बाळूंचे नाव इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या लेखनामुळे पुन्हा व्यापक वाचकवर्गापुढे आले. भारतीय खेळांच्या इतिहासात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून आलेले पहिले मोठे खेळाडू म्हणून बाळू पालवणकर यांचे स्थान आहे.