निजामाचे पहिलवान पुण्यात आले, बाळंभटदादा सप्तशृंग गडावर गेले आणि मल्लखांब पुन्हा उभा राहिला

गोष्ट आहे पेशवाईच्या शेवटच्या पर्वातली.

पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचा अंमल होता. अशात हैदराबादच्या निजामाकडचे दोन पहिलवान पुण्याच्या दरबारात आले. एकाचं नाव अली, दुसऱ्याचं गुलाब. गावोगावचे आखाडे मारत आलेली ही जोडी. त्यांनी पेशव्यांसमोर सरळ मागणी ठेवली. आमच्याशी लढणारा गडी द्या, नाहीतर आम्हाला अजिंक्यपत्र लिहून द्या.

अजिंक्यपत्र म्हणजे नुसता कागद नव्हता. ते लिहून देणं म्हणजे तुमच्या राज्यात आमच्या तोडीचा माणूस नाही, हे शिक्क्यानिशी कबूल करणं. त्यांची अंगकाठी बघूनच दरबारातले भलेभले खाली बघायला लागले.

तेव्हा पुढे आले बाळंभट देवधर. पेशव्यांच्या आश्रयाला असलेला ब्राह्मण घरातला तरुण. पुढे हेच बाळंभटदादा म्हणून ओळखले गेले. त्यांनी आव्हान घेतलं, पण एक अट घातली. तयारीला थोडा वेळ हवा.

वेळ मिळाला आणि हा गडी पुण्याच्या कुठल्या तालमीत न जाता थेट नाशिकच्या वाटेला लागला.

गडावर नेमकं काय झालं?

नाशिकपासून साधारण ६० किलोमीटरवर, वणीजवळ सप्तशृंग गड आहे. अठरा भुजांची देवी, उभे कडे आणि माकडांचे कळप. आज फ्युनिक्युलर ट्रॉलीने वर जाता येतं. तेव्हा पायीच चढावं लागायचं.

व्यायामशाळांमधून पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी कथा अशी. बाळंभटदादांनी गडावर देवीची आराधना केली. देवीने दृष्टांत दिला की हनुमान तुला विद्या देईल. मग एका माकडाच्या रूपात हनुमानाने त्यांना लाकडी खांबावर कुस्तीचे डाव करून दाखवले. ते शिकून दादा पुण्याला परतले, अलीला चीतपट केलं आणि हे बघून गुलाबने लढायलाच नकार दिला.

काही जण हीच कथा जरा वेगळी सांगतात. दादा गडावरच्या माकडांचं निरीक्षण करत बसायचे. झाडाच्या खोडाला ती कशी बिलगतात, उलटी कशी होतात, पायाच्या पकडीवर अख्खं अंग कसं पेलतात, हे बघून त्यांना डाव सुचले.

यातली कुठली कथा मानायची, ते ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. समोरचा वजनाने आणि ताकदीने भारी होता. तेव्हा दादांनी वजन वाढवायच्या नादी न लागता चपळाई, पकड आणि अंगाची फिरत वाढवली.

मग मल्लखांब दादांनी शोधला का?

नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या, १२ व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या व्यायामात खांबाचा उल्लेख येतो. म्हणजे खांब होता. पण मधल्या काळात ही विद्या जवळजवळ विसरली गेली होती. दादांचं श्रेय म्हणजे त्यांनी ती उचलली, तिला शिस्त लावली आणि शिकवता येईल अशा रूपात पुढे दिली. त्यामुळेच त्यांना आधुनिक मल्लखांबाचे जनक मानतात.

कुस्तीत डावाचा सराव करायचा तर जोडीदार लागतो. तो दमतो, चिडतो, कधी येतच नाही. खांब मात्र कुठेच जात नाही. एकच पकड त्याच्यावर शंभर वेळा घालता येते. सागवानाचा किंवा शिसवीचा, जमिनीच्या वर साधारण अडीच मीटर उंच, वर निमुळता होत गेलेला गुळगुळीत खांब. त्यावर एरंडेल तेल चोळतात. त्यामुळे अंग सोलवटत नाही, पण पकड ढिली असेल तर माणूस सरळ खाली घसरतो. चूक झाली की खांब तिथल्या तिथे सांगतो.

त्यावरच्या प्रकारांची नावंही तालमीतलीच आहेत. अढी, तिढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, फरारा. हाताची बोटं, मनगट, खांदे, पाठ, पोट आणि मांड्या सगळे एकाच वेळी कामाला लागतात.

ताकद दंडात नसते

आता एकदम दुसरीकडे येऊ. नाशिकमध्ये सकाळी फिरायला जाणारे लोक ज्या मैदानावर जातात, त्याचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लब मैदान म्हटलं की लगेच कळतं. गोल्फची आणि बाळंभटदादांची गाठ कधी पडली नाही. कोलकात्यात भारतातला सगळ्यात जुना गोल्फ क्लब १८२९ मध्ये सुरू झाला, तोवर पेशवाई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

पण आज गोल्फचा फटका लांब जावा म्हणून जिममध्ये जे शिकवतात, ते ऐकलं तर तालमीतला वस्ताद मान डोलावेल.

नवशिक्याला वाटतं, लांब मारायचं म्हणजे दंड फुगवायचे. प्रत्यक्षात जोर सुरू होतो पायांपासून. पाय जमिनीला रेटतात, मग कंबर फिरते, तिच्या मागून छाती आणि खांदे, मग हात आणि सगळ्यात शेवटी मनगट. वरून खाली येणारा हा सगळा फटका पाव सेकंदाच्या आसपास संपतो. तेवढ्यात व्यावसायिक खेळाडूची काठी ताशी १८० किलोमीटरच्या पुढे पळते. क्रम चुकला, हात आधी धावले, की जोरही जातो आणि पाठही धरते.

म्हणून गोल्फपटूंच्या व्यायामात मांड्या, पुठ्ठे, पोट आणि पाठ, कंबरेची फिरत आणि हाताची पकड यांच्यावर भर असतो. मल्लखांबावर यातलं बरंच काही घडतं. मांडीची पकड, पोटाचा ताबा, धडाचा पीळ, बोटांची ताकद. फक्त पाय जमिनीला रेटून फिरणं खांबावर येत नाही, त्यासाठी आपल्या तालमीत मुद्गल आणि करेला होते. पाय रोवून, जड लाकूड खांद्यावरून पाठीमागे फिरवून पुढे आणायचं. हा व्यायाम भारतातल्या इंग्रज शिपायांनी उचलला, तो युरोपात गेला आणि १९०४ आणि १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये अशी लाकडं फिरवण्याची स्पर्धाही झाली.

आश्रयदाताच गेला तेव्हा

पण बाळंभटदादांची खरी कसोटी अलीसोबतची कुस्ती नव्हती. ती पुढे आली.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्याच महिन्यात १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. बाजीराव पळत राहिले आणि ३ जून १८१८ ला त्यांनी जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली. वर्षाला ८ लाख रुपये तनखा ठरला आणि त्यांना कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला पाठवण्यात आलं.

दरबार गेला की त्याच्यासोबत गवई जातात, पहिलवान जातात, त्यांची खुराकाची सोय जाते. आणि ही विद्या तर अंगात राहणारी. ती शिकवणारा माणूस थांबला की ती पुन्हा विसरली जाणार, जशी आधी एकदा विसरली गेली होती.

दादा थांबले नाहीत. पेशव्यांसोबत ते उत्तरेत गेले आणि तिथे शिकवत राहिले. बिठूरच्या वाड्यात वाढलेले नानासाहेब, तात्या टोपे आणि पुढे झाशीची राणी झालेली मनू यांनीही तिथे मल्लखांबाचे धडे घेतले, असं परंपरा सांगते.

दादांनी आणखी एक महत्त्वाचं काम केलं. त्यांनी विद्या स्वतःजवळ लपवून ठेवली नाही. कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारखे शिष्य त्यांनी तयार केले. या परंपरेतून बनारसला आखाडे उभे राहिले. जमिनीतल्या खांबासोबत टांगलेल्या वेताचा मल्लखांब आला. पुढे वेताच्या जागी दोरी आली आणि दोरीचा मल्लखांब सुरू झाला. ही मंडळी गावोगाव गेली, तालमी निघाल्या, शिष्यांचे शिष्य झाले.

बाजीराव १८५१ मध्ये वारले. पेशव्यांची गादी संपली, तनखा बंद झाला, बिठूरचा वाडा १८५७ च्या धामधुमीत उद्ध्वस्त झाला. खांब मात्र उभा राहिला.

पुढे काय झालं?

१९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिकं केली, त्यात मल्लखांबही होता. १९८१ मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि परदेशातले खेळाडू तिढी आणि दसरंग करताना दिसले. जी विद्या एका दरबाराची लाज राखायला वापरली गेली, ती आता हजारो मुलामुलींची झाली.

नाशिकमध्येही यशवंत व्यायामशाळेसारख्या ठिकाणी मुलं मल्लखांब शिकतात. त्यातल्या बऱ्याच जणांना अली आणि गुलाब कोण, हे माहीत नसेल. पण वर चढण्याआधी ती खांबाला हात लावून नमस्कार करतात आणि मग उडी घेतात. गडाच्या वाटेने गेलेल्या त्या तरुणाची आठवण एवढ्यातही राहते.