लाईट गेली, आणि बॅटरीवरचा पेसमेकर आला : डॉ. लिलिहाय यांची गोष्ट

लाईट गेली की आपली मोटर बंद पडते, पाणी थांबतं. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी लाईट गेली, तेव्हा तिथल्या विद्यापीठाच्या दवाखान्यात लहान मुलांचे ठोके भिंतीतल्या प्लगवर चालत होते. ही मुलं डॉ. वॉल्टन लिलिहाय यांची पेशंट.

लिलिहाय १९१८ साली याच शहरात जन्मले. महायुद्धात सैन्यात डॉक्टर होते. १९५० मध्ये त्यांनाच कॅन्सर निघाला. मोठं ऑपरेशन झालं, त्यातून उठले आणि परत कामाला लागले.

२६ मार्च १९५४ रोजी त्यांनी १३ महिन्यांच्या बाळाचं हृदय उघडून आतलं छिद्र शिवलं. तेवढा वेळ बाळाचं रक्त बापाच्या अंगातून फिरवलं. एका ऑपरेशनमध्ये दोन जीव पणाला! ते बाळ ११ दिवसांनी न्यूमोनियाने गेलं. तरी त्यांनी अशी ४५ ऑपरेशनं केली, २८ पेशंट बरे होऊन घरी गेले.

पण एक गोष्ट छळत होती. छिद्र नीट बुजायचं, तरी काही मुलांचे ठोके एकदम मंदावायचे. हृदयाच्या स्नायूंच्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि ठोक्याचा करंट एकीतून दुसरीत जातो. वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत मात्र तो एकाच बारीक जुडीतून उतरतो, आणि ही जुडी नेमकी त्या छिद्राच्या काठाने जाते. टाका तिच्यात बसला किंवा तिथं सूज आली, की करंट खाली पोचत नाही. सुरुवातीला अशी मुलं हातची जायची.

जानेवारी १९५७ पासून लिलिहाय हृदयाच्या स्नायूत तार ठेवून बाहेरच्या यंत्राने बारीक झटके देऊ लागले. सूज उतरली की बऱ्याच मुलांची जुडी आपोआप चालू व्हायची, मग तार ओढून काढायची. फक्त यंत्र लाईटवर होतं.

त्या दिवशी जवळपास तीन तास लाईट नव्हती. एक बाळ गेलं, असं अर्ल बॅकन पुढे सांगत. हे बॅकन दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचे. लिलिहाय यांनी त्यांनाच गाठलं. बॅकननी मासिकात आलेल्या, गाण्याचा ताल धरणाऱ्या यंत्राच्या सर्किटवरून महिनाभरात बॅटरीवरची छोटी डबी बनवली. आधी कुत्र्यावर लावून बघितली. दुसऱ्या दिवशी बॅकन दवाखान्यात आले तर ती एका मुलाला लावलेली! लिलिहाय यांना थांबायला वेळ नव्हता.

पुढे १९७३ मध्ये इन्कमटॅक्सच्या खटल्यात ते दोषी ठरले. नजरही अधू झाली होती, ऑपरेशन सुटलं. १९९९ मध्ये वारले.

हृदयाच्या ऑपरेशननंतर आयसीयूत पेशंटच्या छातीतून बारीक तारा बाहेर आलेल्या दिसल्या तर घाबरू नका. ठोका मंदावला तर लगेच डबी जोडता यावी म्हणून त्या ठेवतात, आणि काही दिवसांनी काढून टाकतात.