शंकर आबाजी भिसे
शंकर आबाजी भिसे (२९ एप्रिल, १८६७:मुंबई - ७ एप्रिल, १९३५:न्यू यॉर्क) हे मराठी संशोधक होते. छपाईचे खिळे वेगाने ओतणारे भिसोटाइप यंत्र हा त्यांचा प्रमुख शोध होय. कल्पना भिसे यांची, तर पैसा, कारखाना व बाजारपेठ दुसऱ्यांच्या हाती, अशी विषम भागीदारी त्यांच्या वाट्याला वारंवार आली. लंडनमध्ये दादाभाई नौरोजी यांनी त्यांना पदरचे पैसे दिले. मात्र समाजवादी पुढारी हेन्री हिंडमन यांनी कबूल केलेले भांडवल उभे राहिले नाही. निराश होऊन भिसे भारताकडे निघाले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीने रतनजी टाटा यांचे साहाय्य मिळाले आणि १९१० मध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट स्थापन झाले. तेही फार काळ टिकले नाही. याचा सर्व दोष भांडवल पुरवणाऱ्यांवर टाकणे योग्य नव्हे. यंत्र विक्रीयोग्य होण्यास किती वर्षे लागतील, हे करार करताना खुद्द संशोधकासही सांगता येत नसे. पुढे भिसे अमेरिकेत स्थायिक झाले व त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्रांसाठी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. अ‍ॅटोमिडीन हे आयोडीनयुक्त औषधही त्यांचेच.