उपदेशकांचा मित्र आगस्तीन

खेडोपाडी नवशिक्या जिज्ञासूंस प्रभूची ओळख करून देणाऱ्या आमच्या उपदेशकबंधूंस कधी कधी मोठे औदासीन्य येते. तीच कथा पुनः पुनः सांगावयाची. ऐकणारा जांभया देतो, आणि आपले शब्द आपणांसच निर्जीव वाटू लागतात. हे दुःख फार जुने आहे. म्हणून आज आम्ही आगस्तीनाचे चरित्र थोडक्यात देत आहो.

आगस्तीन उत्तर आफ्रिकेतील थागास्ते गावी इ. स. ३५४ त जन्मला. त्याची आई मोनिका भक्तिमान ख्रिस्ती होती. परंतु तो पुष्कळ वर्षे अन्य मतांच्या नादी लागून भटकला. वक्तृत्वाचा शिक्षक म्हणून कार्थेज, रोम व मिलान येथे त्याने काम केले. अखेर ३८७ च्या पुनरुत्थानाच्या सणी मिलान येथे बिशप आंब्रोस याच्या हस्ते त्याचा बाप्तिस्मा झाला. ३९१ त हिप्पोच्या मंडळीने त्यास आग्रहाने धरून सेवेची दीक्षा घ्यावयास लाविले, तेव्हा त्यास रडू कोसळले. एवढा विद्वान, तरी पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठी त्याने आपल्या बिशपाकडे सवड मागितली.

पुढे तो स्वतः बिशप झाला. सुमारे ४०० साली कार्थेजच्या देओग्रातियास नामक डीकनाने त्यास आपले गाऱ्हाणे कळविले. नवख्यांस शिकविण्याचे काम त्याजकडे असे. पण आपले भाषण लांबते व नीरस होते, असे त्यास वाटे. उत्तरादाखल आगस्तीनाने एक लहान पुस्तकच लिहिले.

आपले स्वतःचे भाषणही आपणांस बहुधा पसंत पडत नाही, असे तो त्यात कबूल करितो; तथापि श्रोत्यास ते तितके नीरस वाटत नसते, असा तो धीर देतो. येणारा कोणत्या हेतूने आला हे आधी विचारावे. उत्पत्तीपासून मंडळीच्या चालू काळापर्यंतची कथा सांगावी, पण मुख्य गोष्टी निवडून, आणि सर्वांचा रोख प्रीतीकडे ठेवून. श्रोता उभा राहून थकला, तर त्यास बसावयास द्यावे. आपल्या परिचयाचे रम्य स्थळ मित्रास प्रथम दाखविताना आपणांसही ते नवे वाटते. जुनी कथा प्रेमाने सांगताना तसेच घडते. शिकविणाऱ्याचे मन आनंदी असावे, यावर त्याचा मोठा भर आहे.

४३० त वांडाल लोकांचा हिप्पोस वेढा पडला असता आगस्तीन प्रभूमध्ये निजला. बंधूंनो, तुमचे शब्द तुम्हांस फिके वाटले, तर कथा बदलू नका. समोर बसलेल्या माणसावर अधिक प्रीती करा, अशी आमची विनंती आहे.