भुकेल्यांचा सेनापती : विल्यम बूथ

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहर म्हटले की मुलांना रॉबिन हूड आठवतो. श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना देणारा तो वीर दंतकथेतला. परंतु याच शहराच्या स्नेंटन भागात १० एप्रिल १८२९ रोजी जन्मलेल्या विल्यम बूथ यांनी गरिबांच्या अन्नासाठी खरोखरच आयुष्य वेचले.

वडील धंद्यात बुडाले. तेरा वर्षांच्या विल्यमची शाळा सुटली आणि तो गहाणवटीच्या दुकानात उमेदवारीला लागला. त्याच वर्षी, १८४२ मध्ये, वडील वारले. आईने लहानसे दुकान काढून संसार ओढला. तेव्हा नॉटिंगहॅममध्ये मोजे व लेस विणणाऱ्या कामगारांचे फार हाल होते. परदेशी धान्यावरील जकातीमुळे पाव महाग होता. कायद्याने ती जकात उठवण्याचे ठरले १८४६ मध्ये. गहाणाच्या दुकानात माणसे अंगावरचे कपडे ठेवून भाकरीपुरते पैसे नेत. रस्त्यात पावासाठी रडणारी मुले विल्यमने पाहिली, ती तो जन्मभर विसरला नाही.

१८४९ मध्ये ते लंडनला गेले व पुढे धर्मोपदेशक झाले. १८५५ मध्ये त्यांचा कॅथरीनबाईंशी विवाह झाला. १८६५ पासून पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत त्यांनी काम मांडले. त्यातूनच १८७८ मध्ये ‘साल्वेशन आर्मी’ हे नाव पुढे आले. महाराष्ट्रात तिला ‘मुक्तिफौज’ म्हणतात. उपाशी माणसाला उपदेश ऐकू येत नाही, हे बूथ जाणून होते. स्वस्त जेवणाची त्यांची पहिली दुकाने काही वर्षांतच बंद पडली. पण ते खचले नाहीत. १८८८ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात त्यांनी पुन्हा स्वस्त अन्नकेंद्र उघडले. तेथे एका फार्दिंगला, म्हणजे पाव पेनीला, मुलाला वाटीभर सूप मिळे. फुकट काही नाही, पण परवडणार नाही असेही काही नाही.

१८९० मध्ये कॅथरीनबाई वारल्या. त्याच महिन्यात इंग्लंडच्या दारिद्र्यावरील बूथ यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात भाड्याच्या गाडीच्या घोड्याचा दृष्टान्त आहे. लंडनच्या रस्त्यात घोडा पडला, तर चूक कोणाची हे न विचारता लोक त्याला आधी उभा करतात. आणि जिवंत आहे तोवर त्याला दाणावैरण, निवारा व काम मिळते. घोड्याला मिळते तेवढे तरी माणसाला मिळावे, एवढीच त्यांची मागणी होती.

पोट भरणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते अन्न निर्धोक असणेही. त्या काळी काड्यापेट्यांच्या कारखान्यांत पांढरा फॉस्फरस वापरीत. त्याच्या वाफेने कामगारांच्या जबड्याची हाडे कुजत. कामाच्या जागीच जेवल्याने ते विष घासाबरोबर पोटातही जाई. बूथ यांनी १८९१ मध्ये निर्धोक काड्यापेट्यांचा कारखाना काढला, मजुरीही जास्त दिली. माल महाग पडल्याने तो पुढे बंद झाला. परंतु पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यापेट्यांवर १९१० पासून ब्रिटनमध्ये बंदी आली.

मुक्तिफौजेचे लोक १८८२ मध्येच मुंबईला उतरले होते. त्यांचे प्रमुख फ्रेडरिक टकर यांनी हिंदुस्थानातील सनदी नोकरी सोडली होती. स्वतः बूथही १८९१-९२ च्या जगप्रवासात हिंदुस्थानात आले. त्यांची कन्या इव्हँजलिन हिच्या नावाचे रुग्णालय अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, आहे.

तथापि त्यांच्या योजनेत एक उणीव राहिली. लंडनच्या हॅनबरी स्ट्रीटवरील सुतारशाळेत माणसांना मुख्यतः अन्न व अंथरूण देऊन राबवतात, त्यामुळे बाहेरच्या सुतारांची मजुरी पडते, अशी तक्रार कामगार संघटनांनी १९०७ च्या सुमारास केली. ही तक्रार आपल्याला परकी वाटू नये. मॉरिशसला आलेल्या आपल्या पूर्वजांच्या करारातही तांदूळ व डाळ लिहिलेली होती. पण एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. अन्न होते, हक्क नव्हता.

तो हक्क पुढे महाराष्ट्राने दिला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर उपयोगी पडली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम आणि कामाचे दाम, हे सरकारचे कर्तव्य ठरले. देशाने तसा कायदा केला तो २००५ मध्ये.

१९०५ मध्ये नॉटिंगहॅमने आपल्या या सुपुत्राला शहराचे सन्माननीय नागरिकत्व दिले. अखेरीस दृष्टी गेलेले बूथ २० ऑगस्ट १९१२ रोजी निवर्तले. त्यांचे जन्मघर स्मारक म्हणून जपलेले आहे. वाचकहो, पडलेल्याला आधी उठवावे, हे त्यांनी जगाला शिकवले. उठलेल्याला न्याय्य मजुरीही द्यावी, हा धड्याचा पुढचा भाग आपण मुलांना शिकवला पाहिजे.