संत गोन्सालो गार्सिया : आपल्याच मातीतला हुतात्मा



दरवर्षी 6 फेब्रुवारीला आपल्या देशातील ख्रिस्तसभा संत गोन्सालो गार्सिया यांचा सण साजरा करते. वसईत त्यांच्या सणाला भक्तांची मोठी गर्दी असते. आपल्याकडे खानदेशात मात्र हा सण बहुधा कामाच्या दिवशी येतो आणि निघून जातो. भारतात जन्मलेले पहिले संत आपल्या महाराष्ट्रातले आहेत, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? म्हणून आज आपण त्यांचे जीवन थोडे जवळून पाहू या.

गोन्सालो यांचा जन्म सुमारे 1557 साली वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पंधरा-सोळा वर्षांचे असतानाच ते त्या धर्मगुरूंसोबत जहाजाने जपानला गेले. देश परका, भाषा परकी, रीतिरिवाज वेगळे. पण गोन्सालो बिचकले नाहीत. ते अस्खलित जपानी बोलू लागले आणि धर्मशिक्षक म्हणून तेथील नवख्रिस्ती कुटुंबांत वावरू लागले.

येशूसंघात प्रवेश मिळावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. अशा वेळी आपल्यापैकी कितीजण चर्चकडे पाठ फिरवतात! एखादे पद मिळाले नाही, कुणी मान दिला नाही, की आपण मिस्साला येणे बंद करतो. गोन्सालो रुसले नाहीत. ते व्यापारात उतरले आणि त्यात त्यांची भरभराट झाली. पूर्वेकडील बंदरांत त्यांची ओळख झाली, हाती पैसा आला. देवाने त्यांना व्यवहारातही यश दिले.

पण मनातली हाक गेली नव्हती. फिलिपाईन्समधील मनिला येथे त्यांचा फ्रान्सिस्कन मठवासीयांशी संबंध आला. चालता धंदा सोडून त्यांनी संत फ्रान्सिसचा साधा झगा अंगावर चढवला. ते धर्मगुरू झाले नाहीत, ब्रदर म्हणूनच राहिले.

1593 साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत ते पुन्हा जपानला गेले. मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादरांना आपला दूत म्हणून पाठवले होते आणि गोन्सालो त्यांचे दुभाषी होते. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने 1587 सालीच मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. त्याची अंमलबजावणी सैल होती, तरी तलवार टांगलेलीच होती. अशा माणसासमोर उभे राहून बोलण्याचे काम वसईच्या या ब्रदरकडे आले. पुढे या मठवासीयांनी क्योतो शहरात चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली. ज्यांना घरच्यांनी टाकले, त्यांच्या जखमा त्यांनी धुतल्या.

ऑक्टोबर 1596 मध्ये मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यातील मौल्यवान माल जप्त झाला. आधी मिशनरी येतात आणि मागून सैन्य येते, अशी बढाई जहाजावरच्या एकाने मारल्याचे सांगितले जाते. हिदेयोशीचा संशय भडकला. सत्तेच्या घमेंडीची शिक्षा गरिबांची सेवा करणाऱ्यांना भोगावी लागली. डिसेंबरमध्ये मठावर पहारा बसला आणि गोन्सालो पकडले गेले.

जानेवारी 1597 मध्ये क्योतोत बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. लोकांना दहशत बसावी म्हणून त्यांची धिंड काढली गेली. मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंतचा जवळजवळ महिनाभराचा प्रवास. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर 26 जणांना क्रूसावर बांधून भाल्याने ठार करण्यात आले. त्यांत 6 फ्रान्सिस्कन, 3 जपानी येशूसंघीय आणि 17 जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुईस अवघा बारा वर्षांचा होता. गोन्सालो त्या वेळी चाळिशीच्या आसपास होते. 1627 साली त्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले.

यानंतरची हकिकतही आपण मुलांना सांगायला हवी. 1614 साली जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली. पुढे धर्मगुरू उरले नाहीत, चर्च उरले नाही, मिस्सा उरली नाही. पण 1865 साली नागासाकीत याच 26 हुतात्म्यांच्या नावाने नवे चर्च उभे राहिले, तेव्हा जवळच्या गावातील काही लोक तेथे आले आणि आपणही त्याच श्रद्धेचे आहोत असे त्यांनी धर्मगुरूंना हळूच सांगितले. अडीचशे वर्षे आई-बापांनी मुलांना घरातच बाप्तिस्मा दिला होता, प्रार्थना शिकवल्या होत्या. श्रद्धा घरात टिकली होती!

बंधू-भगिनींनो, आपणही इथे संख्येने थोडे आहोत. आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुणे, सुरत, मुंबईला जातात. काळ बदलतो आहे, त्याला नावे ठेवून उपयोग नाही. गोन्सालो घर सोडून गेले, परकी भाषा शिकले, व्यापार केला. नव्या जगाला ते घाबरले नाहीत. पण त्या जगात वावरताना श्रद्धा आणि सचोटी त्यांनी विकली नाही. फरक इथे आहे.

आपल्यावर क्रूसावर चढण्याची वेळ येणार नाही. आपली परीक्षा लहान लहान गोष्टींत होते. सोन्याच्या शुद्धतेसाठी नावाजलेल्या जळगावात आपला शब्द किती शुद्ध आहे? वजनकाट्यावर आपला हात स्थिर असतो का? घरात मुलगी नको म्हणून आपण गुपचूप काही करतो का? लग्नाच्या थाटासाठी कर्ज काढतो, पण त्या विवाहाची आध्यात्मिक तयारी करतो का? सगळे ऑफिस हसते म्हणून जेवणापूर्वी क्रूसाची खूण करायला लाजतो का? आणि संध्याकाळी टीव्ही व मोबाइल बाजूला ठेवून जपमाळेसाठी सगळे घर एकत्र बसते का?

या आठवड्यात एक संध्याकाळ आपण ही कथा आपल्या मुलांना सांगू या आणि त्यानंतर एकत्र प्रार्थना करू या. परगावी असलेल्या मुलाला फोन करून जेवलास का विचारतो, तसे रविवारच्या मिस्साला गेलास का, हेही प्रेमाने विचारू या.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी आणि आमच्या कुटुंबांसाठी विनंती करा. आमेन.