माफीपत्रात कारणे लिहिणारा गव्हर्नर

१ मे हा कामगार दिन म्हणून जगभर पाळला जातो. त्याचे मूळ १८८६ साली शिकागोत झालेल्या, आठ तासांच्या कामासाठीच्या लढ्यात आहे. त्या लढ्यात फासावर गेलेल्यांचे स्मरण होते. त्यांच्यावर झालेला अन्याय सरकारी दप्तरात नोंदवणारे जॉन पीटर अल्टगेल्ड मात्र फारसे कोणाच्या आठवणीत नाहीत.

अल्टगेल्ड यांचा जन्म ३० डिसेंबर १८४७ रोजी जर्मनीतला. ते तान्हे असतानाच कुटुंब अमेरिकेत ओहायो राज्यात स्थायिक झाले. सोळाव्या वर्षी ते यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले आणि तापाने मरता मरता वाचले. पुढे शिक्षकी, मग वकिली करीत १८७५ मध्ये ते शिकागोत आले. जमीन-इमारतींच्या व्यवहारांतून त्यांनी संपत्ती मिळवली. पण तुरुंगव्यवस्था गरिबांनाच कशी भरडते, हे सांगणारे पुस्तकही १८८४ मध्ये लिहिले. न्यायाधीशपद भूषवून १८९२ मध्ये ते इलिनॉय राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. अमेरिकेत हे पद थेट मतदारांनी निवडलेल्या कार्यकारी प्रमुखाचे असते आणि शिक्षा माफ करण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो.

४ मे १८८६ रोजी शिकागोच्या हेमार्केट भागातील सभेत बॉम्ब फुटला आणि त्या हिंसाचारात सात पोलीस मृत्युमुखी पडले. बॉम्ब कोणी फेकला, हे सिद्ध न होताही आठजण दोषी ठरले. चौघांना फाशी झाली, एकाने कोठडीत आत्महत्या केली आणि तिघे तुरुंगात राहिले. दयेपोटी त्यांना सोडले असते, तर बड्या मंडळींनीही ते बहुधा खपवून घेतले असते. अल्टगेल्ड यांनी खटल्याचे कागद वाचले आणि २६ जून १८९३ रोजी माफी देताना कारणेही लिहिली : ज्यूरी पक्षपाती पद्धतीने निवडलेली, पुरावा अपुरा आणि न्यायाधीश पूर्वग्रहदूषित. माफीपत्र हा न्यायव्यवस्थेवरचा ठपका ठरला. वृत्तपत्रांनी त्यांना अराजकवादी ठरवून झोडपले.

त्याच वर्षी त्यांच्या कारकिर्दीत बालमजुरीला आळा घालणारा आणि कारखान्यांतील स्त्रियांसाठी आठ तासांचा दिवस ठरवणारा कायदा झाला. त्यातील आठ तासांचे कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये रद्द केले. १८९४ च्या पुलमन रेल्वे संपात राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी राज्याची मागणी नसताना शिकागोत लष्कर धाडले, तेव्हा स्वपक्षाच्याच राष्ट्राध्यक्षांना अल्टगेल्ड यांनी तारेने निषेध कळवला.

१८९६ च्या निवडणुकीत ते पराभूत झाले. संपत्तीही हातची गेली. अखेरच्या काळात त्यांनी क्लॅरन्स डॅरो यांच्याबरोबर पुन्हा वकिली केली. मार्च १९०२ मध्ये जोलिएट येथे बोअर लोकांच्या बाजूने भाषण केल्यानंतर ते कोसळले आणि १२ मार्चला निवर्तले. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवलेल्या त्यांच्या पार्थिवाचे दर्शन घेण्यासाठी हजारो सामान्य माणसे लोटली. तोवर त्यांच्याकडे ना पद उरले होते, ना पैसा.